साडेबारापट

मगदूम सरांसमोर नुसता आकडा बोलायची सोय नव्हती. कुणी "पाच" म्हटलं की ते मान वर करून विचारायचे, "पाच काय?" एकदा तापानं फणफणून मी सांगलीच्या एका दवाखान्यात पडलो होतो, तर सर भेटायला आले. नर्सबाई थर्मामीटर बघून म्हणाल्या, एकशे दोन. सरांनी लगेच विचारलं, एकशे दोन काय? बाई म्हणाल्या, डिग्री. कुठली डिग्री, हा सरांचा पुढचा प्रश्न. बाईंनी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. पेशंट नेमका कोण, अशी त्यांना शंका आली असावी. त्या गेल्यावर सर मला म्हणाले, "सेल्सिअस असतं तर आतापत्तोर तुमी उकळला असता, संपतराव. विचारलेलं बरं असतंय."

बाबगोंडा मगदूम हे त्यांचं पूर्ण नाव. आष्ट्याचे. घरी ऊस आणि हळद, पण त्यांचा जीव सगळा फिजिक्समध्ये. सांगलीला आमच्या कॉलेजात ते रोज एस.टी.नं यायचे. मी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळा सहायक. मूळचा मी कोरेगावचा, फौजेतून निवृत्त होऊन या नोकरीला लागलेला. हुकूम आला की करायचं, एवढंच मला शिकवलेलं होतं. सायन्स बारावीपर्यंत केलं होतं, ते पण ढकलत ढकलत. पण या माणसाबरोबर अकरा वर्षं काढली आणि चुंबकाविषयी जेवढं मला कळतं तेवढं आमच्या कॉलेजातल्या निम्म्या प्राध्यापकांना कळत नसेल, हे मी जरा तोऱ्यातच सांगतो.

सरांची मागची खोली म्हणजे देवघर होतं. आत जायचं तर चपला बाहेर, कारण त्यांच्या तळाला खिळे असतात. किल्ल्या बाहेर, घड्याळ बाहेर. मुलींनी केसातल्या पिना काढून दाराशी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. मला पहिल्याच दिवशी पट्टा काढायला लावला, त्याचं बक्कल लोखंडी म्हणून. फौजी माणसाला पट्टा काढून उभं राहायला लावणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत त्यालाच कळेल. मी रागानं सरांकडं बघितलं तर त्यांनी शांतपणे शर्ट वर करून दाखवला. त्यांची स्वतःची पँट सुती नाडीनं बांधलेली होती. ही खोली चालू झाल्यापासून ते नाडी बांधत होते, आणि वर्गात फळ्यावर लिहिताना ती मागून लोंबायची, ते त्यांच्या गावीही नव्हतं.

दुसरा नियम जेवणाचा. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवायचे. थंडीच्या दिवसांत साडेचार वाजले की प्रयोग जिथं असेल तिथं थांबायचा. कितीही महत्त्वाचं वाचन चालू असो, सर डबा उघडायचे. कांदा नाही, बटाटा नाही, ज्वारीची भाकरी आणि मुगाची उसळ. मला म्हणायचे, आकडा कुठं पळून जातोय, उद्या पण तेवढाच येणार. आणि खरंच दुसऱ्या दिवशी तेवढाच यायचा.

त्या खोलीत एक तराजू होता. त्याच्या एका बाजूला काचेची बारीक नळी टांगायची, तिच्यात माती भरायची आणि नळीचं खालचं टोक एका मोठ्या विद्युतचुंबकाच्या दोन टोकांमध्ये सोडायचं. करंट सोडला की चुंबक माती खाली ओढतो, नळी जड होते. किती जड झाली त्यावरून मातीत चुंबकत्व किती ते काढायचं. आता हा तराजू खरा बोलतो का खोटा, हे कशावरून ओळखायचं? तर त्यासाठी एक बाटली होती. तिच्यातल्या भुकटीचं चुंबकत्व आधीच माहीत होतं, त्याचा आकडा बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेला होता. आधी ती भुकटी तोलायची, मग माती. दुकानदार वजनमापाच्या शिक्क्याचं वजन वापरतो, तशीच ही बाटली. सरांना ती त्यांच्या सरांनी दिली होती. ते सर वारले, पण त्यांच्या हातची चिठ्ठी सरांनी जपली होती. शाई उडायला लागली तर वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली.

एककांचं लफडं काय असतं ते मला पहिल्यांदा कळलं ते साखर कारखान्यामुळं. उसाच्या पट्ट्यावर लोखंडाचे तुकडे येतात, ते पकडायला मोठा चुंबक बसवतात. कारखान्यानं हजाराचा चुंबक मागवला होता आणि साताऱ्याच्या एका तरुण कारखानदारानं पाठवलेल्या चुंबकाच्या कागदावर लिहिलं होतं पॉइंट एक. इंजिनिअर साहेब खवळले. माल परत, वर फसवणुकीची तक्रार करायची भाषा. मग कुणीतरी सरांना बोलावलं, सर मला घेऊन गेले. सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि सांगितलं की हजार आहेत ते गॉस आणि पॉइंट एक आहे तो टेस्ला, दोन्ही एकच. साहेबांनी माल ठेवून घेतला. तो साताऱ्याचा पोरगेला मालक तिथंच सरांच्या पाया पडला. परत येताना सर हसले नाहीत, उलट चिडले होते. म्हणाले, एका शब्दाच्या आळसापायी ह्या पोराचा धंदा बसला असता.

त्याच प्रवासात त्यांनी मला समजावून सांगितलं. चुंबकत्व मोजायच्या दोन रीती आहेत, एक जुनी आणि एक नवी. आपल्याकडं सात-बाऱ्यावर आर लिहितात आणि लोक बोलतात गुंठ्यात, तसंच. आष्ट्यात दोघा भावांनी ह्याच्यावरून एकमेकांचं तोंड बघायचं सोडलं होतं. चाळीस गुंठ्यांचे कागदावर चाळीस पूर्णांक सत्तेचाळीस आर झाले, तर धाकट्याला वाटलं थोरल्यानं तलाठ्याला धरून अर्धा गुंठा वाढवून घेतला. पण गुंठा आणि आर जवळजवळ सारखे, चूक झाली तरी थोडक्यात निभावतं. चुंबकाचं तसं नाही. जुन्या रीतीत आणि नव्या रीतीत काही ठिकाणी साडेबारापट फरक पडतो. वर्तुळाचा जो पाय असतो, बावीस भागिले सात, त्याची चौपट. जुन्या लोकांनी तो एका जागी धरला, नव्यांनी दुसऱ्या जागी. "म्हणून आकड्याम्होरं एकक लिवायचं," सर म्हणाले. "एकक असलं की माणूस चुकत न्हाई."

हे वाक्य त्यांनी हजारदा म्हटलं असेल. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत उत्तर बरोबर आणि एकक नसेल तर शून्य. पोरं त्यांना शिव्या द्यायची आणि दहा वर्षांनी पेढे घेऊन यायची.

वैशाली त्यांची चौथी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. औंधला सासर, नवरा फौजेत, म्हणून माझ्याशी तिचं पटायचं. मला ती काका म्हणायची. आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे तास घेतला तर घेतला, नाहीतर घरी बसा. लहान लेक सासूकडं ठेवून ती सांगलीत खोली घेऊन राहिली होती. तिचा विषय होता आपल्याकडची माती. औंधच्या माळापासून ते सांगलीत कृष्णेच्या गाळापर्यंत तिनं दोनशेच्या वर ठिकाणांहून माती आणली. पोती मी उचलली, म्हणून नेमकं माहीत आहे. सहा वर्षं ती त्या नळ्या भरत होती. बोटांची कातडी गेली होती.

आणि तिला काहीतरी सापडलं होतं. बाहेरच्या लोकांनी अशाच काळ्या दगडाच्या मातीचे आकडे छापले होते, त्यांच्या मानानं आपल्या मातीत चुंबकत्व फार कमी निघत होतं. दहा-बारा-पंधरा पटीनं कमी. तिनं त्याचं कारण मांडलं की वर्षानुवर्षांचे पूर मातीतले जड काळे कण धुऊन नेतात. थिसिसचं पाचवं प्रकरण सगळं त्याच्यावर. सर खूश होते. औंधच्या माळावरची मातीसुद्धा तितकीच कमी निघाली होती. माळावर कुठला आलाय महापूर? मी एकदा विचारलं तर सर म्हणाले, पावसानं धुतली असंल. मी परत पोती उचलायला लागलो. मी बारावीवाला.

थिसिस बांधून तयार झाला. सोमवारी विद्यापीठात द्यायचा होता. इतक्या वर्षांनी कायम प्राध्यापकाची जाहिरात आली होती, त्याला पीएच.डी. सादर केल्याची पावती लागत होती, आणि मुलाखत त्याच महिन्याच्या शेवटी. वैशाली लेकीसाठी सांगलीत शाळा बघून आली होती.

त्याआधीच्या गुरुवारी सर मला घेऊन विद्यापीठात गेले. तिथं नवं यंत्र आलं होतं. आपले पाच नमुने त्याच्यावर मोजून घेऊ, परीक्षकांनी विचारलं तर दाखवायला बरं, एवढाच हेतू. प्रिंटाऊट हातात आली. सरांनी ती वाचली, घडी घातली, परत उघडली. एस.टी.त त्यांनी ती परत परत उघडून बघितली. डबा उघडला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना दिवस मावळलेला बघत उपाशी बसलेलं पाहिलं.

शुक्रवारी सकाळी मी गेलो तर सर खोलीत होते, बाटली समोर. मला म्हणाले, चिठ्ठीवरचा आकडा वाचा. मी वाचला. "ह्याचं एकक काय हाय?" मी म्हटलं, सर, ह्याला एकक नाही. आणि नसतंच. तराजूनं जे काढायचं ते म्हणजे चुंबकापुढं ठेवल्यावर वस्तू त्याच्या किती पट चुंबक बनते, त्याची नुसती पट. पटीला एकक कसलं? सरांनीच मला ते शिकवलं होतं. पण पट काढायची रीतसुद्धा दोन तऱ्हेची, आणि चिठ्ठी लिहिणारे सर जुन्या रीतीचे. त्यांनी जुना आकडा लिहिला. आमच्या सरांनी तो नव्या रीतीचा धरला. चूक दाखवायला आकड्यापुढं एक अक्षर नव्हतं, कारण दोन्ही रीतींत ते नसतंच. तेवीस वर्षं या खोलीतून बाहेर पडलेला एकूण एक आकडा साडेबारापटीनं लहान होता, म्हणून विद्यापीठातल्या यंत्राचे आकडे तेवढ्याच पटीनं मोठे आले होते. ताडून बघताना सर आपलेच जुने छापलेले आकडे बघत आले, आणि ते एकमेकांशी जुळत आले.

मला एवढंच कळलं की सोमवार तोंडावर आहे. मी म्हणालो, सर, गुणून टाका की सगळं साडेबारानं. कॉम्प्युटर पाच मिनिटांत करील. सर म्हणाले, "गुणलं की आकडा बरोबर हुतोय, संपतराव. पण शोध जातोय. आपली माती समद्यांच्या मातीसारखीच हाय." मग मी जे बोललो ते लपवत नाही. दार लावून घेतलं आणि म्हटलं, आवं सर, कुणाला कळतंय? पाच महिन्यांनी तुम्ही रिटायर. पोरीची नोकरी होऊ दे. नंतर काय ते छापा. सरांनी माझ्याकडं बघितलं, रागानं नाही. त्यांना ते पटावं असं फार वाटत होतं, हे मला दिसलं. दिवसभर ते त्या खुर्चीत बसले होते. संध्याकाळी म्हणाले, वैशालीला बोलवा.

ती हसत आली होती. दाराशी पिना काढून डब्यात टाकल्या. सरांनी प्रिंटाऊट दिली, बाटली दाखवली, तिला दोन मिनिटांत समजलं. ती हुशारच होती. तिनं बाटली फिरवून चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "सर, सहा वर्षं तुम्ही माझ्या एकेका आकड्यापुढं एकक विचारलंत. ह्याच्यापुढं का न्हाई विचारलं?"

"ह्याला नसतंय म्हणून," सर म्हणाले.

तिनं सही मागितली. थिसिसच्या पहिल्या पानावर गाईडची सही लागते. हे काम माझ्या समजुतीप्रमाणे खरं आहे, असं त्यावर लिहिलेलं असतं. ती म्हणाली, कालपर्यंत तुम्हाला ते खरंच वाटत होतं, कालची तारीख घाला. सर म्हणाले, काल बी मला ठावं झालं हुतं. ती म्हणाली, मग परवाची घाला. ती रडत नव्हती, भाजीवाल्याशी घासाघीस करावी तशी एकेक दिवस मागं जात होती. शेवटी तिनं त्यांच्या पायाला हात लावला. सर उठून भिंतीला टेकून उभे राहिले. पण त्यांनी सही केली नाही.

ती निघून गेली. पिना डब्यातच राहिल्या होत्या.

खरं सांगतो, त्या दिवशी मला सरांचा भयंकर राग आला. आजही कधी कधी येतो. एका सहीनं जगाचं काय बुडणार होतं? मातीचं चुंबकत्व कमी का जास्त, याच्यावर कुणाची चूल पेटायची राहिली नव्हती. वैशालीची मात्र राहिली.

सरांनी फोनवर सगळं कळवलं, तसा रविवारी त्यांचा पहिला विद्यार्थी मोटारीतून आष्ट्याला आला; मीही तिथंच होतो. तो एका कॉलेजात प्राचार्य झाला होता, त्याची पीएच.डी. त्याच बाटलीवर. आधी तो हात जोडून बोलला, मग आवाज चढवून. म्हणाला, तुम्हाला स्वच्छ मरायचंय, म्हणून आम्ही जिवंतपणी का मरायचं? सरांनी त्याला चहा दिला आणि आधीच्या तिघांच्या कामांची दुरुस्तीची पत्रं त्याच्यासमोरच पाकिटात घातली. त्यातली तीन, ती कामं जिथं छापली होती त्या नियतकालिकांना, मी पोस्टात टाकली. चौथं विद्यापीठाला. कुणाचंही उत्तर आलं नाही. तिन्ही विद्यार्थ्यांच्या पदव्या जिथं होत्या तिथं आहेत. ज्यांनी चुकीचं दिलं त्यांचं काही झालं नाही. जिचं अडवलं तिचंच तेवढं गेलं.

मुलाखत होऊन गेली, जागा भरली गेली. सर विद्यापीठात आठ-नऊ खेपा घालून आले, मुदतवाढ मागत. टेबलामागचा माणूस म्हणायचा की गाईडच निवृत्त होतोय, तर नव्या गाईडकडं नव्यानं नोंदणी करा. नवा गाईड म्हणायचा, मगदूमांच्या तराजूची विद्यार्थिनी का, बघू. कॉलेजनं पुढच्या वर्षी वैशालीला तास दिले नाहीत. ती औंधला गेली. सरांच्या निरोपसमारंभात शाल दिली, कुणीतरी भाषणात त्यांच्या काटेकोरपणाचं कौतुक केलं. सर अर्ध्यातून उठून मागच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेलो तर ते भिंतीकडं तोंड करून उभे होते. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर थांबलो.

पुढं मीही निवृत्त होऊन कोरेगावला आलो. गेल्या वर्षी सरांचा फोन आला, औंधला येता का म्हणून. कोरेगावहून औंध जवळ. मी गेलो तर सर स्टँडवर उभे, निम्मे झालेले, हातात कापडी पिशवी. त्यांनी दोन वर्षं खपून, कुठल्या कुठल्या लॅबमध्ये हातापाया पडून वैशालीचे सगळे नमुने नव्यानं मोजून आणले होते. तिचं पाचवं प्रकरण पुन्हा लिहिलं होतं. शोध मोठा नव्हता, पण खरा होता. माळावरून नदीपर्यंत माती कशी कशी बदलते ते त्यात होतं. एका नियतकालिकानं ते छापायचं कबूल केलं होतं. वर दोन नावं. आधी तिचं, मग सरांचं.

यमाईच्या डोंगराच्या पायथ्याकडं तिचं घर. ती आता शिवण करते, ओट्यावर मशीन होतं. तिनं आम्हाला पाणी दिलं, लेक शाळेत गेली म्हणून सांगितलं. सरांनी कागद पुढं केले. तिनं ते सगळे वाचले, एकेक तक्ता, बोट फिरवत. एका ठिकाणी थांबून म्हणाली, ही नळी जरा सैल भरलीय. सरांचा चेहरा उजळला. मग तिनं कागद नीट जुळवून त्यांच्या हातात परत दिले.

"माझं नाव काढा, सर."

सर म्हणाले, माती तू आणलीस, मोजायचं तू चालू केलंस, हे तुझंच हाय. ती म्हणाली, "घरात समद्यांना मी सांगितलंय की ते काम माझं नव्हतंच. तवा कुठं मला झोप लागायला लागली. आता परत माझं करू नका." आवाज चढला नव्हता. ती मशीनवर बसली आणि तिनं पायडलवर पाय ठेवला. आम्ही उठलो.

स्टँडवर सरांनी खिशातून पेन काढलं. पहिल्या पानावर तिच्या नावावर टेकवलं आणि तसंच धरून राहिले. मग पेन माझ्याकडं केलं. म्हणाले, तुमी खोडा. फौजेत मी बरंच काही केलंय, पण त्या एका रेघेला मला जितका वेळ लागला तितका कशाला लागला नाही. सरांनी पान हातात घेतलं. आता वर त्यांचं एकट्याचं नाव होतं.

"मग हे आता माझं झालं व्हय, संपतराव?"

एस.टी. लागली होती. पुढं जागा नव्हती म्हणून ते मागच्या बाकावर जाऊन बसले, पिशवी मांडीवर घेतली. गाडी वळेपर्यंत मी उभा होतो. ते माझ्याकडंच बघत होते, उत्तराची वाट बघत.